सकाळी मूल, संध्याकाळी शेतकरी : मुले, पडदा आणि वडील यांच्या अभ्यासाचा भारतीय इतिहास

१. प्रश्न काय आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पहिल्या वर्षात पडदा अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम, असे त्यांत सांगितले आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेला सल्लाही जवळपास असाच आहे : दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच या वयात फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली.

या सल्ल्यातला 'एक तास' घड्याळावर मोजता येतो. 'मोठ्यांच्या देखरेखीखाली' हे मात्र मोजायला अवघड आहे. मोठे म्हणजे कोण? आई, आजी, की वडील? शेजारी बसून पाहणारे, की स्वतःच्या फोनमध्ये डोके घातलेले? घराघरांत, शाळांच्या पालकसभांत आणि दवाखान्यांत चर्चा होते ती मिनिटांची. सोबत कोण बसते, हा प्रश्न मागे राहतो.

असे का झाले, हे समजण्यासाठी या अभ्यासाचा इतिहास पाहावा लागतो. भारतात मुले आणि पडदा यांचा एक मोठा अभ्यास १९७५-७६ मध्ये झाला, आणि त्याच्या सहा केंद्रभागांपैकी एक जयपूरच्या परिसरात होता. या पाठात आपण तिथपासून आजच्या मोबाईलपर्यंत येऊ. पाठाचे मुख्य म्हणणे असे : पडदा गावाच्या चौकातून घरात आणि घरातून खिशात आला, तसतसा संशोधकांचा प्रश्नही बदलत गेला, पण 'वडील' या भूमिकेतला माणूस त्या प्रश्नांत फार उशिरा आला.

२. पूर्वपीठिका : पुणे, १९५६

प्रसारमाध्यमाने गावात काय बदल होतो हे पद्धतशीर तपासण्याची भारतातली परंपरा मराठी मुलखात सुरू झाली असे म्हणता येईल. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 'रेडिओ शेतकरी मंडळां'चा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावे त्यात होती. आठवड्यातून दोनदा, एकूण २० कार्यक्रम प्रसारित झाले. गावकरी एकत्र बसून ते ऐकत, नंतर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत.

मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि पॉल न्यूराथ हे समाजशास्त्रज्ञ त्याचे मार्गदर्शक होते. मंडळ असलेली गावे आणि मंडळ नसलेली गावे यांची तुलना करायची, प्रयोगाआधी आणि नंतर माहिती किती वाढली ते तपासायचे, ही पद्धत त्यांनी वापरली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ही रचना ओळखीची वाटेल. एका नमुन्यावर भार द्यायचा, दुसरा तसाच ठेवायचा आणि फरक मोजायचा.

या रचनेत माणूस 'श्रोता' आणि 'शेतकरी' म्हणून येतो. घरी गेल्यावर तो काय करतो, ऐकलेले मुलांना सांगतो का, हे विचारण्याचे तेव्हा कारण नव्हते. प्रयोगाचा हेतू शेती आणि ग्रामसुधारणा हा होता. पद्धत उत्तम होती, म्हणूनच ती पुढे टिकली. आणि पद्धतीबरोबर माणसांची ही वर्गवारीही टिकली.

३. साइट : जयपूर, कोटा, सवाई माधोपूर

'सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट', म्हणजेच 'साइट', हा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा बरोबर एक वर्ष चालला. त्याची कल्पना विक्रम साराभाई यांची. १९६९ मध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला आणि नासाचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरायला मिळाला. साराभाई १९७१ मध्ये गेले. पुढे प्रयोग प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आली, त्यांत अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे प्रमुख यश पाल आणि साइटचे कार्यक्रम व्यवस्थापक एकनाथ वसंत चिटणीस हे महत्त्वाचे होते. चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. पुढे ते याच केंद्राचे संचालक झाले.

आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत, म्हणजे प्रत्येक राज्यात साधारण चारशे गावांत, थेट उपग्रहावरून कार्यक्रम पोहोचत होते. राजस्थानातली गावे जयपूर, कोटा आणि सवाई माधोपूर या जिल्ह्यांतली होती. महाराष्ट्र या यादीत नव्हता, पण सोलापूरला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे कर्नाटकाच्या भागात होते. गावात सुमारे तीन मीटर व्यासाची, तारेच्या जाळीची ॲन्टेना उभी राही आणि शाळेत किंवा पंचायतीच्या जागेत एक संच ठेवला जाई. अनेक गावांनी तोवर वीजही नीट पाहिलेली नव्हती.

आता वेळापत्रक पाहू, कारण आपल्या विषयाचे मूळ त्यातच आहे. रोज चार तास प्रसारण होई. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी, साधारण ५ ते १२ वयोगटासाठी. संध्याकाळचे अडीच तास मोठ्यांसाठी : शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, राष्ट्रीय एकात्मता आणि मनोरंजन. सकाळी मूल 'विद्यार्थी' म्हणून संचासमोर बसे, संध्याकाळी पुरुष 'शेतकरी' म्हणून. स्त्रीचा विचार प्रामुख्याने आरोग्य आणि कुटुंबनियोजन या विषयांतून होई. एकाच घरातली माणसे एकाच पडद्याला वेगवेगळ्या नावांनी माहीत होती. शिक्षकांसाठी सुटीत वेगळे प्रशिक्षण झाले. सुमारे ४८,००० प्राथमिक शिक्षकांनी त्याचा लाभ घेतला.

संशोधनही याच वेळापत्रकाच्या चौकटीत झाले. प्रयोगातल्या आणि प्रयोगाबाहेरच्या गावांत आधी, दरम्यान आणि नंतर पाहण्या झाल्या. त्याशिवाय मानवशास्त्रज्ञ काही गावांत दीर्घकाळ मुक्कामाला राहिले. बिनोद अगरवाल यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले हे काम भारतीय माध्यम-संशोधनात आजही महत्त्वाचे मानले जाते. मुलांवरच्या परिणामाचा स्वतंत्र अभ्यास राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या संशोधकांनी केला. टीव्ही पाहणाऱ्या मुलांची भाषा सुधारली आणि निरनिराळ्या ठिकाणांहून माहिती मिळवण्याची त्यांची ओढ वाढली, असे त्यात दिसले. शालेय विषयांतल्या प्रगतीत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही.

आजच्या वाचकाला यात एक गोष्ट वेगळी वाटेल. त्या काळी मुलाने पडदा जास्त पाहिला तर काय, ही चिंताच नव्हती. दीड तासाचे प्रसारण संपले की संच बंद. मूल पडद्याकडे शाळेत जात होते, पडदा मुलाकडे घरी येत नव्हता. म्हणून 'किती वेळ?' हा प्रश्न कोणी विचारला नाही. 'काय शिकले?' हा प्रश्न विचारला.

४. १९७८ : न भेटलेले दोन प्रवाह

साइट संपल्यावर दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. पहिले बिनोद अगरवाल यांचे 'टेलिव्हिजन कम्स टू व्हिलेज' : गावात टीव्ही आल्यावर काय घडले याचा वृत्तान्त. दुसरे मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांचे 'द इनर वर्ल्ड' : भारतीय कुटुंबात मूल कसे वाढते याचा शोध. पहिल्यात पडदा होता, दुसऱ्यात वडील होते.

कक्कर यांनी एक निरीक्षण नोंदवले होते. एकत्र कुटुंबात तरुण बापाने वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या मुलाचे कौतुक करू नये, त्याला उचलून घेऊ नये, असा संकेत असे. भावाच्या मुलांपेक्षा आपल्या मुलाला जवळ केले तर घराची एकी बिघडेल, अशी त्यामागची समजूत. मुलगा पाचेक वर्षांचा होईपर्यंत बायकांच्या जगात वाढे आणि मग एकदम पुरुषांच्या जगात ढकलला जाई. राजस्थानातल्या किंवा महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांत वाढलेल्या कोणालाही हा संकेत अनोळखी वाटणार नाही. आजोबांचे नातवाशी मोकळे नाते आणि वडिलांशी मात्र बोलायला आईची मध्यस्थी, हे आपल्याकडे अनेक पिढ्यांनी पाहिले आहे.

भारतीय कुटुंबाचा अभ्यास तोपर्यंत चांगलाच पुढे गेला होता. इरावती कर्वे यांचे 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' १९५३ मध्ये आले, अ. म. शहा यांचे कुटुंबाच्या निवासी बाजूवरचे पुस्तक १९७३ मध्ये. या अभ्यासांचा भर नातेसंबंध, विवाहाचे नियम आणि एका चुलीवर किती जण जेवतात, यांवर होता. लहान मुलासोबत बापाचा रोजचा वेळ हा त्यांचा विषय नव्हता. पाश्चात्त्य मानसशास्त्रातही परिस्थिती फार वेगळी नव्हती. मायकेल लॅम्ब यांनी १९७५ मध्ये एका लेखात वडिलांना बालविकासातले 'विसरलेले वाटेकरी' म्हटले, आणि १९७६ मध्ये वडिलांच्या भूमिकेवरचा संशोधनसंग्रह संपादित केला.

१९७८ मध्येच बालविवाह प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती होऊन मुलाच्या विवाहाचे किमान वय १८ वरून २१ झाले. मूळ कायदा १९२९ चा. तो ज्यांच्या नावाने 'सारडा कायदा' म्हणून ओळखला जातो ते हरबिलास सारडा अजमेरचे. म्हणजे साइटच्या काळात अठरा वर्षांचा तरुण कायद्याने नवरा होऊ शकत होता आणि विशीत पोहोचण्याआधी बापही. संध्याकाळच्या प्रेक्षकांत असे तरुण बाप असणारच. पण मोजणीच्या तक्त्यात ते शेतकरी होते.

५. पडदा घरात येतो

साइटनंतर १९७७ मध्ये जयपूरला जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र मिळाले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ पासून सुरू होते आणि 'किलबिल'सारखे मुलांचे मराठी कार्यक्रम तिथून दिसत. १९८२ मध्ये रंगीत प्रसारण आणि राष्ट्रीय कार्यक्रम आला, १९८४ मध्ये 'हम लोग', १९८७ मध्ये 'रामायण'. शैक्षणिक बाजूने पुण्यात १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. शाळेसाठी मराठी कार्यक्रम बनवणारी ही संस्था २०१७ मध्ये बंद पडली.

या दशकात पडदा चावडीतून बैठकीच्या खोलीत आला. सुरुवातीला गल्लीत एकच संच असे आणि रविवारी सकाळी शेजारपाजारची मुले त्याच्यासमोर सतरंजीवर बसत. पुढे प्रत्येक घरी संच आला आणि संशोधकांचे प्रश्न बदलले. मूल काय शिकले याऐवजी मूल कशाची नक्कल करते, काय मागते, हे विचारले जाऊ लागले. नमिता उन्नीकृष्णन आणि शैलजा बाजपेयी यांचे १९९६ चे पुस्तक टीव्हीवरच्या जाहिरातींचा दिल्लीतल्या मुलांवर काय परिणाम होतो यावर आहे. १९९७ मध्ये 'शक्तिमान' सुरू झाल्यावर मुले त्याची नक्कल करून स्वतःला इजा करून घेतील, या भीतीने पालक धास्तावले.

याच सुमारास एका अभ्यासात वडील दिसले, तेही महाराष्ट्रात. कर्क जॉन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात पाचगणीजवळच्या डोंगराळ भागातील दोन गावांत राहून टीव्हीमुळे गावजीवन कसे बदलते ते पाहिले. त्याचे पुस्तक २००० मध्ये आले. संध्याकाळी पारावर किंवा मित्रांत बसणारे पुरुष टीव्हीसाठी घरी थांबू लागले, असे त्याला आढळले. बायका, मुले आणि पुरुष एकाच खोलीत, एकाच वेळी बसू लागले. बाप घरात असण्याचे कारण पडदा ठरला. टीव्हीने कुटुंब तोडले, ही त्या काळातली सरसकट तक्रार या निरीक्षणापुढे अपुरी पडते.

शहरातल्या बापाकडेही संशोधकांचे लक्ष गेले होते. जयपाल रूपनारायण आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दिल्लीतील वर्षभराच्या बाळांचे आईवडील यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकी बाप मुलाला हवेत उडवतो, दांडगाईने खेळवतो, तसे दिल्लीतल्या बापांत क्वचितच दिसले. बापपण सगळीकडे एकाच साच्याचे नसते, हे त्यातून कळले. सरकारनेही १९९७ मध्ये, दोनपेक्षा कमी अपत्ये असलेल्या केंद्रीय पुरुष कर्मचाऱ्यांसाठी १५ दिवसांची पितृत्व रजा सुरू केली. खासगी नोकरीत मात्र मातृत्व रजेसारखा देशव्यापी कायदा वडिलांसाठी आजही नाही.

६. खिशातला पडदा

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाईल डेटा स्वस्त झाला. २०२० मध्ये टाळेबंदी आली. 'प्रथम'च्या 'असर' अहवालांनुसार, ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२१ मध्ये ते ६७.६ टक्के झाले. पण त्याच २०२१ च्या अहवालात आणखी एक आकडा आहे : घरी फोन असलेल्या मुलांपैकी सुमारे २६ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. 'घरी फोन आहे' आणि 'मुलाला फोन मिळतो' यांतले हे अंतर कशाचे? अनेक घरांत एकच फोन असे आणि तो कमावत्या माणसासोबत, म्हणजे बहुधा वडिलांसोबत, सकाळी घराबाहेर पडे.

राजस्थानात एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या 'स्माइल' कार्यक्रमात अभ्यासाचे व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवले जात. फोन नसलेल्यांसाठी त्याच वर्षी दूरदर्शनवर 'शिक्षादर्शन' सुरू झाले. १९७५ मध्ये जयपूर जिल्ह्यातले मूल पडद्यासाठी शाळेत जाई. ४५ वर्षांनी त्याच जिल्ह्यात शाळा वडिलांच्या फोनमध्ये आली. वडील संध्याकाळी घरी परतत तेव्हाच मुलाचा 'वर्ग' उघडे. ऑगस्ट २०२३ मध्ये राजस्थान सरकारने महिलांना मोफत स्मार्टफोन देण्याची योजना सुरू केली, त्यामागेही फोन घरात नेमका कोणाचा असतो हा प्रश्न होताच.

इथे पडदा आणि वडील प्रथमच वेगळे करता येत नाहीत. परवानगी देणारा, रिचार्ज करणारा, रागावून फोन काढून घेणारा आणि मूल जेवत नाही म्हणून तोच फोन पुढे करणारा, असा माणूस घरात आहे. शिवाय तो स्वतःही पडद्यासमोर असतो. पालकाच्या हातातल्या फोनमुळे मुलाशी चाललेले बोलणे किती वेळा तुटते, हा गेल्या दशकभरात अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला आहे.

७. मोजमाप आणि त्याची मर्यादा

कोणतेही उपकरण ज्या राशीसाठी बनवले तीच राशी मोजते. व्होल्टमीटर तापमान सांगत नाही. सामाजिक पाहणीचेही तसेच आहे. भारताच्या २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातल्या माणसांची विनामोबदला काळजी घेण्यात एका दिवसात १४ टक्के पुरुष आणि २७.६ टक्के स्त्रिया सहभागी होत्या. सहभागी पुरुषांनी त्यासाठी सरासरी ७६ मिनिटे दिली, स्त्रियांनी १३४. हे आकडे मोलाचे आहेत. घरातल्या असमान कामाची त्यांनी राष्ट्रीय पातळीवर नोंद केली.

पण दिवसाची नोंद अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत होते, आणि एका खणात अनेक कामे असली तर मुख्य काम ठरवावे लागते. बाप मुलीला मांडीवर घेऊन क्रिकेटचा सामना पाहतो आहे. हा वेळ काळजीचा की करमणुकीचा? दोघे मिळून सामन्याविषयी बोलत असतील तर? आणि बाप फोनवर, मुलगी टॅबवर, दोघेही गप्प असतील तर? बाहेरून खण सारखाच दिसेल.

नेदरलँड्सच्या पॅटी वाल्केनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पालकांच्या सहभागाच्या तीन तऱ्हा मोजण्याची पट्टी तयार केली : बंधन घालणे, पाहिलेले समजावून सांगणे आणि नुसते सोबत बसून पाहणे. यांतली पहिली तऱ्हा तासा-मिनिटांत सांगता येते, म्हणून ती सूचनांत सहज उतरते. दुसरीला बोलणारा माणूस लागतो. तो माणूस कोण, हे आपल्या पाहण्यांतून नीट कळत नाही. परिणामी सल्ला घड्याळावर अडतो आणि पाळण्याची जबाबदारी न बोलता आईवर पडते, कारण मुलाजवळ जास्त वेळ तीच असते.

८. सारांश

पुण्याच्या १९५६ च्या प्रयोगाने तुलनेची पद्धत दिली. साइटने ती मोठ्या प्रमाणावर नेली, पण घरातल्या माणसांना वेगवेगळ्या खात्यांत टाकले. कुटुंबाचा अभ्यास आणि पडद्याचा अभ्यास हे दोन प्रवाह बराच काळ स्वतंत्र वाहिले. पाचगणीजवळच्या गावांत ते थोडे जवळ आले, आणि टाळेबंदीतल्या फोनने त्यांना एकत्र आणले. यातून दोष कोणा एका संशोधकाचा निघत नाही. प्रत्येक पिढीने तिच्यासमोरचा प्रश्न विचारला.

आजचा प्रश्न तुमच्यासमोर आहे. हा पाठ वाचणाऱ्यांपैकी काही जण पुढे मुलांसाठी ॲप बनवतील, काही पाहण्यांच्या प्रश्नावल्या तयार करतील, आणि अनेक जण दहा-बारा वर्षांत आईवडील होतील. त्यांना उपयोगी पडेल अशी नोंद आज गोळा झाली तरच त्यांना मिळणारा सल्ला 'एक तास' याच्या पुढे जाईल.

विचारासाठी प्रश्न

१. साइटच्या वेळापत्रकात मुलांचा आणि मोठ्यांचा एक सामाईक तास असता, तर मूल्यमापनाचे प्रश्न कसे बदलले असते?

२. 'घरी स्मार्टफोन आहे का?' या प्रश्नाऐवजी मुलाला फोन कधी, कोणाकडून आणि कोणासोबत मिळतो हे कळावे म्हणून तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल?

३. तुमच्या आजोबांनी, वडिलांनी आणि मोठ्या भावाने किंवा मेहुण्याने लहान मुलांसोबत घालवलेला वेळ यांची तुलना करा. त्यातला कोणता बदल पडद्यामुळे झाला आणि कोणता घराची रचना, नोकरी किंवा स्थलांतर यांमुळे, हे वेगळे काढता येते का?